मारिओ मिरांडा यांची रेषा : वल्लींची घडण आणि स्वशैलीचा शोध

सारांश :

मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांच्या रेखाचित्रांचा विचार बहुधा विनोद आणि गोव्याविषयीचा जिव्हाळा या दोनच अंगांनी केला जातो. त्यांच्या चित्रांतील वल्ली कशा घडल्या आणि त्या घडत असताना चित्रकाराला स्वतःची शैली कशी सापडली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. शैली ही रेषेच्या वळणात नसते, तर माणसांकडे पाहण्याच्या रोजच्या सवयीत असते. ती सवय सुटली की शैलीचा साचा होतो, असे प्रतिपादन येथे केले आहे. मारिओंच्या नावाजलेल्या पात्रांपेक्षा त्यांच्या गर्दीच्या चित्रांतील निनावी माणसे कलादृष्ट्या अधिक सकस आहेत, हा या प्रतिपादनाचाच दुसरा भाग होय.

बीजशब्द : अर्कचित्र, वल्ली, रेखाशैली, व्यक्तिचित्रण, कोकण किनारा.

प्रस्तावना :

मराठी समीक्षेने व्यक्तिचित्रण या प्रकाराचा विस्ताराने विचार केला आहे; मात्र तो शब्दांतील व्यक्तिचित्रांपुरता. पु. ल. देशपांडे यांचे 'व्यक्ती आणि वल्ली' १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर 'वल्ली' या शब्दाला मराठी वाचकाच्या मनात एक निश्चित अर्थ प्राप्त झाला. चारचौघांसारखा असूनही चारचौघांत न मावणारा, ज्याच्या विक्षिप्तपणावर आपण हसतो आणि ज्याच्या नसण्याने हळहळतो, असा माणूस म्हणजे वल्ली. अशा वल्ली रेषेनेही निर्माण होतात, याची दखल मात्र आपण पुरेशी घेतलेली नाही. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर, वसंत सरवटे, शि. द. फडणीस यांची चित्रे मराठी घरांत दिवाळी अंकांबरोबर पोहोचली, पण अभ्यासक्रमात आणि समीक्षेत ती 'सजावट' या सदराखालीच राहिली.

मारिओ मिरांडा यांच्याबाबतीत ही उपेक्षा आणखी एका कारणाने घडली. त्यांची उमेदीची वर्षे इंग्रजी नियतकालिकांत गेली, त्यांच्या चित्रांखालील ओळीही प्रामुख्याने इंग्रजीत असत. साहजिकच मराठी समीक्षेने त्यांना आपल्या कक्षेबाहेरचे मानले. वस्तुतः बालभारतीच्या इंग्रजीच्या काही पाठ्यपुस्तकांतून त्यांची चित्रे महाराष्ट्राच्या गावोगावच्या शाळांत पोहोचली होती. इंग्रजी वाक्य न समजलेल्या मुलालाही शेजारच्या चित्रातला मिशाळ गृहस्थ समजत असे. मराठी माध्यमात शिकलेल्या अनेकांची मारिओंशी ओळख अशी झाली. फक्त तेव्हा त्यांना चित्रकाराचे नाव ठाऊक नव्हते.

वहीतील घडण :

मारिओंचा जन्म २ मे १९२६ रोजी दमण येथे झाला. त्यांचे घराणे गोव्यातील लोटली गावचे, मूळचे सारस्वत आणि पुढे ख्रिस्ती झालेले. लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रे काढीत. आईने भिंती वाचविण्यासाठी त्यांना एक कोरी वही आणून दिली आणि त्या वहीला ते आपली 'डायरी' म्हणू लागले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. ती कौतुकाने सांगितली जाते आणि तेथेच सोडून दिली जाते. समीक्षेच्या दृष्टीने मात्र तिचे मोल मोठे आहे. भिंतीवरचे चित्र पाहणाऱ्यासाठी असते, तर वहीतले चित्र नोंदीसाठी असते. भिंतीवरून वहीवर येताना या मुलाचे चित्र प्रदर्शनाकडून नोंदीकडे वळले.

ही सवय पुढे तारुण्यातही टिकली. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या त्यांच्या चित्रमय दैनंदिन्या पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत. त्यांत घरची मंडळी, मित्र, पाद्री, नोकरचाकर, सणसमारंभ, नाचगाण्याच्या संध्याकाळी, प्रवास आणि आळसात गेलेले दिवसही आहेत. या चित्रांमागे छापून येण्याची अपेक्षा नव्हती. त्यामुळे प्रत्येक चित्रात विनोद साधलाच पाहिजे, असे बंधन त्यांच्यावर नव्हते. काही दिवशी काहीच घडत नाही, आणि काहीच न घडलेल्या दिवसाचेही चित्र काढावेच लागते. अशा दिवशी चित्रकाराला प्रसंग सोडून माणसाकडे वळावे लागते. कोण कसा बसला आहे, कोणाचा कुत्रा कोणाकडे पाहतो आहे, छत्री धरण्याची कोणाची काय तऱ्हा आहे, हे टिपण्यावाचून गत्यंतर नसते. मारिओंच्या वल्लींचा उगम या रिकाम्या दिवसांत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

त्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी इतिहास विषय घेऊन पदवी संपादन केली. वास्तुशास्त्राचे शिक्षण सुरू करून सोडून दिले. पुढे काही वर्षे जाहिरात क्षेत्रात काम केले. 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'ने त्यांची चित्रे छापली, त्यानंतर 'करंट' आणि टाइम्स समूहाची नियतकालिके असा प्रवास झाला. कलाशाळेत न गेल्यामुळे त्यांच्या चित्रांत शरीररचनेचा काटेकोरपणा आढळत नाही. अर्धवट राहिलेल्या वास्तुशास्त्राचा योगायोग मात्र लक्षणीय आहे. सज्जे, जिने, कठडे, कौलारू छपरे आणि खिडक्यांच्या जाळ्या यांविषयीचे त्यांचे प्रेम पाहता, त्यांच्या चित्रांत माणसाइतकेच घरालाही व्यक्तिमत्त्व आहे, असे म्हणावे लागते.

प्रभाव आणि त्यातून सुटका :

स्वतःची शैली सापडणे याचा अर्थ कोणाचाही प्रभाव नसणे, असा एक भाबडा समज रूढ आहे. मारिओंचे उदाहरण त्याच्या विरुद्ध साक्ष देते. १९५९ मध्ये गुल्बेंकियन प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर ते पोर्तुगालला गेले. तेथून ते इंग्लंडला गेले व सुमारे पाच वर्षे तेथे राहिले. इंग्रज व्यंगचित्रकार रोनाल्ड सर्ल यांचा त्यांच्यावरील प्रभाव सर्वमान्य आहे. सर्ल यांची टोकदार, खरखरीत शाईची रेषा, काटकुळे पाय आणि बटबटीत डोळे यांच्या खुणा मारिओंच्या चित्रांत सहज दाखविता येतात.

मात्र उसनी घेतलेली रेषा मारिओंनी ज्या जगाला लावली, ते जग सर्ल यांचे नव्हते. सर्ल यांच्या रेषेला महायुद्धातील युद्धकैदेचा अनुभव आहे. तिच्या विनोदाखाली क्रौर्याची जाणीव आहे. मारिओंच्या जगात क्रौर्याची जागा गजबजाटाने घेतली आहे. गावच्या चर्चचे पटांगण, मासळीबाजार, मुंबईची लोकल आणि इराणी हॉटेल या ठिकाणी माणसे एकमेकांना खेटून असतात, पण एकमेकांना इजा करीत नाहीत. सर्ल यांच्याकडून आलेली तीक्ष्ण रेषा येथे येऊन बोथट झाली नाही; ती नक्षीदार झाली. ठिपके, पट्टे, चौकडे, फरशांची नक्षी आणि पानांची दाटी यांनी कागद भरून गेला. विषयाच्या गरजेपोटी रेषेचा स्वभाव असा पालटणे, हीच प्रभावातून होणारी सुटका होय. १९७४ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात चार्ल्स शुल्झ यांच्याशी त्यांची गाठ पडली. शुल्झ यांची चित्रे मोकळ्या जागेवर आणि मोजक्या रेषांवर उभी असतात. मारिओंनी मात्र आपला गजबजाट सोडला नाही, यावरून त्यांना तोवर आपली वाट सापडली होती हे स्पष्ट होते.

ते युरोपात असतानाच, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. ज्या गोव्यात त्यांनी दैनंदिन्या लिहिल्या, तो ते परतण्यापूर्वीच इतिहासजमा होऊ लागला होता. त्यामुळे नंतरच्या गोव्याच्या चित्रांत नोंद आणि आठवण यांची सरमिसळ झालेली दिसते. मनोहर माळगावकर यांच्या 'इनसाइड गोवा' (१९८२) या पुस्तकातील त्यांची चित्रे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. श्याम बेनेगल यांच्या 'त्रिकाल' (१९८५) या चित्रपटातील सत्तांतराच्या उंबरठ्यावरचे गोमंतकीय कुटुंब लोटलीच्या मिरांडा यांच्याच घरात चित्रित झाले, हेही येथे नोंदविणे उचित ठरेल.

गर्दीची रचना :

मारिओंची प्रतिभा सर्वाधिक प्रकट होते ती गर्दीच्या चित्रांत. मुंबईतील कुलाब्याच्या कॅफे माँडेगार या उपाहारगृहातील त्यांची भित्तिचित्रे हे त्याचे सर्वांना पाहता येण्याजोगे उदाहरण आहे. या चित्रांत केंद्र नाही. नजर कोठूनही शिरते आणि कोठेही थांबते. पुढच्या रांगेतील माणूस मोठा आणि मागचा नगण्य, असा भेद तेथे केलेला नाही. खिडकीतून डोकावणारी म्हातारी, टेबलाखालचा कुत्रा आणि नुसताच उभा असलेला वाढपी यांना चित्रकाराने सारखाच वेळ दिला आहे.

येथे एक तांत्रिक बाब ध्यानात घ्यावी लागते. इतक्या दाटीत प्रत्येक माणूस वेगळा ओळखू यावा, यासाठी मारिओ दोन साधने वापरतात. पहिले साधन म्हणजे बाह्याकृती. नाक, पोट, केशरचना किंवा टोपी यांपैकी एक अवयव वा वस्तू ते अतिशयोक्त करतात आणि बाकीचे आटोक्यात ठेवतात. दुसरे साधन म्हणजे कपड्यांवरील नक्षी. ठिपक्यांच्या झग्याशेजारी पट्ट्यांचा सदरा येतो, त्याच्याशेजारी भरीव काळा कोट येतो. त्यामुळे छायाप्रकाश न वापरताही आकृती सुट्या होतात. नक्षी ही येथे शोभेची गोष्ट नसून ओळख पटविण्याची युक्ती आहे. सजावट आणि निरीक्षण ही दोन कामे एकाच रेषेने करवून घेणे, हे मारिओंच्या स्वशैलीचे मर्म म्हणता येईल.

नावे लाभलेल्या वल्ली :

वृत्तपत्रीय कामातून मारिओंची काही पात्रे नावारूपाला आली. ठिपक्यांचा झगा घालणारी सेक्रेटरी मिस फोन्सेका, तिचा बॉस, कारकून गोडबोले, चित्रपटतारका मिस निंबूपाणी, राजकारणी बंडलदास ही त्यांतील ठळक नावे. ही नावेच अर्धे काम करतात. 'बंडल' या शब्दातील थापेबाजीचा अर्थ कोणाही मुंबईकराला समजावून सांगावा लागत नाही. गोडबोले या आडनावातून मध्यमवर्गीय मराठी कारकुनाचा सोशिकपणा आपोआप सूचित होतो. मुंबईच्या कार्यालयांत गोव्याचा ख्रिस्ती, मराठी कारकून आणि अन्य प्रांतीय एकाच छताखाली वावरत; त्या बहुभाषिक जगाचे हे छोटे रूप आहे.

तरीही कलादृष्ट्या ही पात्रे गर्दीतल्या माणसांच्या तोडीची वाटत नाहीत. याचे कारण त्यांच्यावर टाकलेल्या कामात आहे. नियतकालिकातील पात्राला प्रत्येक अंकात हशा मिळवून द्यावा लागतो. हशासाठी वाचकाने पात्र क्षणात ओळखले पाहिजे, आणि क्षणात ओळखू यायचे तर पात्राने बदलता कामा नये. परिणामी वल्लीचा नमुना होतो. मिस फोन्सेकाच्या बाबतीत हे विशेष खटकते. तिच्या देहाची अतिशयोक्ती हाच पुष्कळदा चित्राचा विषय बनतो. नोकरी करणाऱ्या स्त्रीकडे पाहण्याची त्या काळच्या कार्यालयातील पुरुषी नजर चित्रकार तपासून पाहत नाही, तर वापरतो. गोव्याचा ख्रिस्ती माणूस म्हणजे मद्य, गाणे आणि आराम, या लोकप्रिय चित्रपटांनी दृढ केलेल्या समजुतीलाही मारिओंच्या काही चित्रांचा हातभार लागला, हे नाकारता येत नाही. 'काळ तसा होता' एवढ्यावर या आक्षेपांची बोळवण करणे योग्य नव्हे. कारण त्याच चित्रकाराच्या बाजाराच्या चित्रातील कोळीण किंवा चर्चमधून बाहेर पडणारी वृद्धा अशा नजरेपासून पूर्णतः मुक्त आहे. दोष दृष्टीच्या अभावाचा नाही. दर अंकाच्या मागणीपुढे दृष्टी आखडती घेण्याचा आहे.

मराठी परंपरेच्या संदर्भात :

मारिओंचे समकालीन शि. द. फडणीस आणि वसंत सरवटे यांच्याशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. फडणीस यांचे चित्र शब्दांवाचून बोलते. बसथांब्यावरील तरुणीच्या साडीवर मांजरे आणि शेजारच्या तरुणाच्या सदऱ्यावर उंदीर, हे 'मोहिनी'चे मुखपृष्ठ मराठी वाचकाच्या स्मरणात आहे. तेथेही कपड्यावरील नक्षीच काम करते. परंतु ती कल्पना मांडते, व्यक्ती घडवीत नाही. ते दोघे कोण, कोठे राहतात, हे प्रश्न मनात येत नाहीत आणि येण्याची गरजही नाही. सरवटे यांचे उदाहरण वेगळे आहे. जयवंत दळवी 'ललित' मासिकात 'ठणठणपाळ' या टोपणनावाने लिहीत. त्या अदृश्य लेखकाला सरवटे यांनी रेषेतून देह दिला आणि वाचकांनी तो खरा मानला. शब्दाने निर्माण केलेली वल्ली रेषेने पूर्ण केली, असा हा दुर्मीळ योग होय.

फडणीस यांच्याकडे कल्पना, सरवटे यांच्याकडे भाष्य आणि मारिओंकडे नोंद, अशी ढोबळ विभागणी करता येईल. पु. ल. देशपांडे यांच्या शब्दचित्रांशी मारिओंचे नाते या नोंदीपाशी जुळते. अंतू बर्वा रत्नागिरीच्या एका आळीशिवाय उभा राहू शकत नाही. मारिओंच्या माणसालाही त्याचा सज्जा, त्याचे कौल आणि त्याचा कुत्रा लागतो. परिसरातून उचलून वेगळी काढता येत नाही, ती खरी वल्ली, ही कसोटी शब्दाला आणि रेषेला सारखीच लागू पडते.

शैली, साचा आणि आपला किनारा :

मारिओंचे ११ डिसेंबर २०११ रोजी लोटली येथे निधन झाले. त्यांना १९८८ मध्ये पद्मश्री, २००२ मध्ये पद्मभूषण आणि मरणोत्तर २०१२ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान प्राप्त झाले. आज त्यांची चित्रे फरशांवर, कपांवर, पिशव्यांवर छापलेली मिळतात. यामुळे चित्रे घरोघर पोहोचली, ही स्वागतार्ह बाब आहे. तथापि, कपावर आलेली गर्दी पाहताना नजर कोणत्याच चेहऱ्यावर थांबत नाही. ओळख पटविण्यासाठी योजलेली नक्षी तेथे पुन्हा केवळ नक्षी होते. पर्यटनस्थळांवरील भिंतींवर याच धाटणीत रंगविलेली चित्रे पाहिली, तर त्यांत डोळे, नाके आणि ठिपके आहेत. त्या गावचा माणूस मात्र त्यांत शोधूनही सापडत नाही. चित्रे काढणारे आपले विद्यार्थी शैली शोधतात म्हणजे बहुधा मोबाइलवर दिसलेल्या शैलींपैकी एक निवडतात. मारिओंचा मार्ग नेमका उलटा होता. त्यांनी आधी माणसे जमविली आणि शैली त्या माणसांना कागदावर मावविण्याच्या खटपटीतून आली.

रायगडच्या किनाऱ्यावरील वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. चौल-रेवदंड्यावर १७४० पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता आणि कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमिश्रित बोली आजही बोलली जाते. मारिओंच्या जन्मगावाशी, दमणशी, आपल्या किनाऱ्याचे असे जुने नाते आहे. कोळी, आगरी, कोकणी मुसलमान, जंजिऱ्याच्या परिसरातील सिद्दी आणि येथे 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेलेले बेने इस्राएल यांनी हा किनारा घडविला. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणाऱ्या लाँचमध्ये पाट्या सांभाळणाऱ्या बायका, गणपतीला गावी निघालेला चाकरमानी आणि सुट्टीसाठी बंगल्यावर जाणारा मुंबईकर एकाच बाकावर बसलेले दिसतात. मार्च २०२० मध्ये मांडव्याची रो-रो सेवा सुरू झाल्यापासून त्यांतील एक वर्ग आपल्या मोटारीसह येऊ लागला. बाकावरील शेजार बदलू लागला आहे. हा शेजार कोणी रेखाटून ठेवला नाही, तर पुढे त्याच्या स्मृतीला आधार राहणार नाही. मारिओंनी १९५१ पर्यंतच्या दैनंदिन्यांत रेखाटलेल्या गोव्याचे राज्यच दहा वर्षांत पालटले; ती पाने नसती, तर ती माणसे आपल्याला कोठे भेटली असती?

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. पहिला, मारिओ मिरांडा यांची शैली अचानक सापडलेली नसून वहीत रोज चित्र काढण्याच्या सवयीतून ती सिद्ध झाली आहे. दुसरा, परकीय प्रभाव त्यांनी टाळला नाही. आपल्या विषयाच्या दाटीने त्यांनी तो पचविला. तिसरा, सजावट आणि निरीक्षण यांचा अभेद हे त्यांच्या रेषेचे बलस्थान आहे, आणि हा अभेद तुटतो तेथे त्यांची पात्रे आणि त्यांचे अनुकरण ही दोन्ही साच्यात अडकतात. चौथा, त्यांच्या निर्मितीतील श्रेष्ठ वल्ली नावाने प्रसिद्ध असलेल्या नव्हेत, तर गर्दीत निनावी राहिलेल्या आहेत.

व्यक्तिचित्रण शिकविताना आपण विद्यार्थ्यांकडून उताऱ्यांची वैशिष्ट्ये पाठ करवून घेतो. त्याऐवजी एक कोरी वही देऊन आपल्या जेटीवरच्या, आळीतल्या किंवा एस. टी. थांब्यावरच्या एका माणसाची रोज नोंद करावयास सांगितली, तर ती शब्दांत असो वा रेषेत, अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांना अधिक न्याय मिळेल. त्यातून प्रत्येक वेळी कलावंत निर्माण होईलच असे नाही. परंतु शेजारच्या माणसाकडे नीट पाहणारा एक वाचक निश्चितच घडेल, आणि साहित्याच्या अध्यापनाकडून याहून वेगळी अपेक्षा ती काय असावी?